इंदू काय म्हणाली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आईला तिच्या शेवटच्या आजारपणात सांगावंसं वाटलं होतं, पण तिच्या पायाशी बसून शेवटी पायच चेपत राहिलो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये मी जे पाहिलं, त्यानंतर आत ठेवायला जागाच उरली नाही म्हणून.

इंदू माझी धाकटी बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. करमाडजवळच्या आमच्या गावात तिला सगळे ‘मुकी’ म्हणत. शाळेत कुणी घातलं नाही. मग आम्हा दोघांची एक भाषा झाली — कुणी शिकवली नाही, ती झालीच. कान पिरगाळला की गुरुजी. पुढचा दात बोटानं ठोकला की मी, कारण माझा तो दात लहानपणी विहिरीच्या काठावर तुटला होता. आईला त्यातलं स्वयंपाकघरापुरतं समजायचं. वडिलांना, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तेवढंही नाही. गावात, दवाखान्यात, पाहुण्यांत सगळे माझ्याकडंच वळायचे : “काय म्हणती रं इंदू?” आणि मी सांगायचो, “ती म्हणते…”

हे ‘ती म्हणते’ मी जन्मभर म्हणत आलो. लोक माझं कौतुक करत. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, म्हणत.

थांबा, आधी हॉलचं सांगतो. हे आधी सांगणं हीसुद्धा टाळाटाळच आहे, कळतं मला.

आम्ही शहरात छावणीजवळ राहतो. इंदू आमच्याकडंच असते. वस्तीत गेल्या वर्षापासून एक बैठक भरते — ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, त्यांना आपल्याच गल्लीत जगणं सोपं कसं होईल यावर सगळ्यांनी मिळून बोलायचं. निवृत्त शिक्षिका शेख मॅडम ती चालवतात. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवर. विहाराच्या पायऱ्यांवर उतार बांधून घेतल्याशिवाय आत बैठक भरवणार नाही, असं त्यांनी सांगितलं आणि पहिली बैठक पायऱ्यांखाली, रस्त्यावरच घेतली. दुसरी आत झाली.

इंदूला बोलायचंय म्हणून मी तिच्यासोबत गेलो. नेहमीसारखा तिच्या बाजूला उभा राहिलो. शेख मॅडम म्हणाल्या, “भाईसाब, तुम्ही तिकडं बसा. आज तुमची छुट्टी. दुभाषी आहे आपल्याकडं.”

दुभाषी म्हणजे एक तरुण मुलगी, काळ्या कुर्त्यातली. मला हसूच आलं. इंदूचं बोलणं या पोरीला काय कळणार? ते माझ्याशिवाय कुणाला कळत नाही.

इंदूनं हात उचलले.

काय सांगू तुम्हाला… ते हात मी ओळखत नव्हतो. चेहरा तिचा, बांगड्या तिच्या, पण हातांचा वेग, भुवया, खांद्याचं ते एका बाजूला झुकणं — ही भाषाच वेगळी होती. शेजारच्या गल्लीत कॉलेजात जाणारी एक मुलगी आहे, तिलाही ऐकू येत नाही. तिच्याबरोबर इंदू दोन-चार वर्षं मोबाइलवर हातवारे करत हसताना दिसायची. मला वाटायचं, करमणूक चाललीय. बाई अख्खी भाषा शिकत होती, आणि एका घरात राहून मला पत्ता नाही.

आणि ती दुभाषी मुलगी म्हणाली, “मी इंदू.”

मी दचकलो. खरंच मागं वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून. ‘ती म्हणते’ नाही. ‘मी’. सगळा वेळ ती मुलगी ‘मी’च म्हणत राहिली : मी इथं राहते, मला हे हवंय, मला याचा राग येतो. पन्नाशीला आलेली माझी बहीण एका विशीतल्या आवाजात पहिल्यांदा ‘मी’ म्हणत होती, आणि मी प्लास्टिकच्या खुर्चीत रिकामे हात मांडीवर ठेवून ऐकत होतो.

ती पाण्याचं बोलली. आमच्याकडं नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं, कधी येईल याचा नेम नाही. आलं की गल्लीत ओरडा होतो, “नळ आले! नळ आले!” घरात एकटी असली की इंदूला तो ऐकू येत नाही. हंडे कोरडेच. तिचं म्हणणं, आमच्या दारातून दिसणाऱ्या नाक्यावरच्या किराणा दुकानाच्या पाटीवर एक लाल दिवा लावा. पाणी सुटलं की जो पहिला पाहील त्यानं बटण दाबायचं.

दुकानदार मागून ओरडला, “लाल दिवा? अहो, लोकांना वाटंल मंत्र्याची गाडी लागलीय माझ्या दारात!”

इंदूनं दुभाषीकडं पाहिलं, समजून घेतलं आणि क्षणात हात फिरवले. मुलगी हसू दाबत म्हणाली, “मग बरोबरच आहे की. पाणीही मंत्र्यासारखंच येतं — बोलावून येत नाही, आणि आलं की सगळ्यांची पळापळ.”

हॉलमध्ये हशा फुटला. दुकानदार सगळ्यात जास्त हसला. “लावतो बाई, लावतो!” म्हणाला. आणि ज्यांना ऐकू येत नाही ते सगळे हात वर करून मनगटं फिरवू लागले, त्यांच्या टाळ्या तशा असतात. त्यांचं पाहून बाकीच्यांनीही हात वर केले. आवाज काही नाही. नुसते हात, वाऱ्यातल्या पिंपळासारखे. मी आयुष्यात बऱ्याच सभा पाहिल्या. अंगावर असा काटा कधी आला नव्हता.

माझी बहीण विनोदी आहे. तुम्हाला कल्पना येतेय का, हे मला या वयात कळणं म्हणजे काय? की मला ते माहीत होतं, आणि मी कुणाला सांगत नव्हतो एवढंच?

कारण पुढं ती माझ्याबद्दलच बोलली. माझ्याकडं बोट करून म्हणाली, “माझा दादा. मी एवढं सांगते” — दोन्ही हात पसरले — “आणि दादा लोकांना सांगतो, ‘बरं आहे म्हणते.’ बाकीचं कुठं जातं, देव जाणे.”

सगळे हसले. मीही हसलो. आणि मग तिचा चेहरा बदलला. म्हणाली, “पण दादा नसता तर मी गावात दगडासारखी पडून असते. माझा आवाज तोच होता. त्यानं माझं कधी वाईट केलं नाही.”

सगळा हॉल माझ्याकडं वळला. ते सगळे हात पुन्हा वर गेले, या वेळी माझ्यासाठी. आणि मी काय केलं? उभा राहिलो. हात जोडले. घेतलं ते सगळं.

आता सांगतो.

मी तेव्हा पंचविशीच्या आत-बाहेर. शहरात कंपनीत नोकरी नुकतीच लागली होती. आईला अर्धांगवायू झालेला, ती आतल्या खोलीत पडून. तिचं उठवणं-बसवणं, अण्णांची भाकरी, गुरं, सगळं इंदूच्या अंगावर. आणि पाचोडहून तिला स्थळ आलं. बाजारात शिलाई मशीन चालवणारा माणूस, एक पाय पोलिओनं गेलेला. मामाला घेऊन आला होता. अण्णांना स्थळ पसंत होतं. “पोरगी हो म्हणली तर पुढच्या महिन्यात उरकून टाकू,” ते सकाळीच म्हणाले होते.

इंदूनं चहा आणला. बाकी पाहुणे तिला पाहायला आले की माझ्याशी बोलत. हा माणूस माझ्याशी बोललाच नाही. त्यानं सरळ तिच्याकडं पाहिलं, हातानं मशीनचं चाक फिरवून दाखवलं, स्वतःकडं बोट केलं. मग पायाकडं बोट करून खांदे उडवले आणि हसला, ‘हे असं आहे बुवा.’ मग तिच्यापुढं तळहात उघडा धरला. विचारलं त्यानं. तिला विचारलं.

आमच्या भाषेत हात मनगटातून बाहेर झटकला की अर्थ ‘नको, जाऊ दे’. कुत्रं हाकलताना, भाजीवाल्याला परतवताना तोच. पण आधी छातीवर हात ठेवून मग तो दाराकडं वळवला, तर अर्थ ‘मी जाते’. इंदूनं हात छातीवर ठेवला. मग दाराकडं वळवला. आणि लाजून हसली.

त्याच्या मामांनी पाहिला तो बाहेर गेलेला हात. त्यांनी मला विचारलं, “काय म्हणती पोरगी?”

“नको म्हणती,” मी म्हणालो.

अण्णा म्हणाले, “व्हय रं? नको म्हणती?”

“व्हय.”

कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगितलं, की गडबडीत चुकलं असेल. दोन्ही खुणा सारख्याच दिसतात. छातीवरचा हात आपल्याला दिसला नसेल. — दिसला होता. मला सगळ्यात आधी तोच दिसला होता. आणि त्याच क्षणी मनात आलं, ही गेली तर आईचं कोण करणार? मीच. नोकरी सोडून, गावात, मी. एवढंच कारण. याहून मोठं काही नाही.

तो माणूस माझ्याकडं बघत राहिला. त्याला आमची भाषा येत नव्हती, पण छातीवर हात ठेवून हसणाऱ्या बाईचा अर्थ ‘नको’ होत नाही, एवढं त्याला कळलं असावं. अण्णांना नमस्कार करून मामाच्या खांद्यावर हात टाकून गेला.

हे इथंच संपलं असतं, तरी मी ते एक खोटं म्हणून वागवलं असतं. पण पाहुणे गेल्यावर इंदू कपबशा विसळत होती. तिनं भुवया उंचावून विचारलं : काय म्हणाले? पाहुण्यांना मी सांगितलं होतं, ती नको म्हणते. तिला मी सांगितलं, ते नको म्हणाले. हात बाहेर झटकून. तीच खूण.

तिनं ओल्या हातानं स्वतःच्या कानाला बोट लावलं. माझ्याकडं पाहिलं. यामुळं?

मी मान हलवली. हो.

तिनं पुन्हा कपबशा विसळायला घेतल्या.

त्यानंतर स्थळाचा विषय निघाला की तीच कानाला बोट लावून हसायची आणि उठून जायची. मी शहरात नोकरी केली, लग्न केलं, मुलं झाली. आई-अण्णा गेल्यावर इंदूला इकडं आणलं, आणि त्याचंही कौतुक मी लोकांकडून घेतलं. पाचोडच्या त्या माणसाचं पुढं काय झालं, मी कधी विचारलं नाही. त्या बाजूला कामानं गेलो तरी बाजारात पाऊल टाकलं नाही.

आणि गेल्या महिन्यात ती भरल्या हॉलमध्ये म्हणाली, त्यानं माझं कधी वाईट केलं नाही. त्या मुलीनं ते तंतोतंत सांगितलं. एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही. मी तिच्याकडं पाहत होतो. एवढं साधं काम असतं ते? दुसऱ्याचं बोलणं, आहे तसं, पलीकडं पोचवायचं? किती मोठी गोष्ट आहे ती… लहानपणापासून माझ्या हातात होती.

दर रविवारी शेख मॅडमच्या घरी ती भाषा शिकवतात. मी जायला लागलोय. इंदूला फार आनंद झालाय. माझी बोटं जाड, चुका लई होतात. ती पोट धरून हसते. तिला वाटतं, दादा आता म्हातारपणी तरी माझं पूर्ण बोलणं ऐकणार. आमच्या घरच्या खुणांत ‘मी खोटं बोललो’ असं म्हणायला खूणच नव्हती. या भाषेत आहे. ती मी पहिल्याच रविवारी विचारून घेतली. इंदू समोरच बसली होती. कशाला हवी, असं तिनं विचारलं नाही.

पाचोडच्या माणसानं तिला नाकारलं नव्हतं. त्यानं विचारलं होतं, तिनं हो म्हटलं होतं, आणि स्थळ मोडलं त्यात तिच्या कानाचा काही संबंध नव्हता. हे मला इंदूला सांगायचंय — तिच्या भाषेत, माझ्या हातांनी. अजून सांगितलेलं नाही.