दिवटीमागची पावलं

मेढाळी गावात देसायांच्या पुढं दिवटी धरून चालायचा मान कान्हूच्या घराण्याचा होता. हा मान त्यांनी कधी मागितला नव्हता आणि त्यांना तो सोडताही येत नव्हता. त्याच कान्हूची एकुलती एक लेक चंद्रा. जगलबेटला दिली होती. नवरा काविळीनं गेला, मूलबाळ नव्हतं, सासरच्यांनी तोंडानं काही न बोलताच तिला बापाच्या घरी आणून सोडलं. तेव्हापासून ती कणग्या-कोनफळांसारखे कंद आणि आमसुलं टोपलीत घालून रामनगरच्या बाजारात बसते. उंच, हाडापेरानं मोठी, बोलायला कमी. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं तर ती नुसती बघत राहते, आणि गिऱ्हाईकच गप्प होतं.

मेढाळी तशी दोन. एक पाण्याखालची आणि एक वरची. सुप्याचं धरण झालं तेव्हा चंद्रा परकरात होती. पाणी पहिल्यांदा भातखाचरांत आलं, मग देसायांच्या अंगणात, मग सातेरीच्या देवळात. लोकांनी देवीला डोक्यावर घेतलं आणि डोंगराच्या सपाटीवर नवं गाव मांडलं. जुन्या गावाकडं जाणारी गाडीवाट मात्र तशीच राहिली. वरच्या मेढाळीच्या तिकाटण्यावरून ती उजवीकडं फुटते, किंजळीच्या झाडांतून उतरत जाते आणि सरळ पाण्यात शिरते.

या गावाची गोष्ट कान्हू सांगायचा ती अशी. आधी रान कुणब्यांनी तोडलं, भात त्यांनीच पिकवलं. मग कधीतरी खानापूरच्या अंगानं कृष्णाजी नावाचा माणूस घोड्यावर बसून आला. गाव आता माझं, म्हणाला. कुठल्याशा राजानं त्याला दिलं होतं. कुणबी भांडले नाहीत. पण त्या वर्षी सातेरीचा अवसर, म्हणजे देवी अंगात आलेला माणूस, उभा राहिला आणि बोलला, "ह्या माणसाला रानातली वाट ठावी न्हाई. वाट तुमी दाखवा. शिमग्याच्या आधी देसायानं घरातनं निघून माज्या दारी यायचं. म्होरं कुणब्याची दिवटी, मागं देसाई. दिवटीच्या म्होरं पाऊल टाकलं तर गाव त्याचा न्हाई."

दिवटी धरणाऱ्यालाही एक बंधन होतं. त्यानं मागं वळून बघायचं नाही. जित्या देसायाच्या मागून मेलेले देसाईही देवीच्या दारी येतात, त्यांना बघायचा हक्क आपला नाही, असं कान्हूला त्याच्या बापानं सांगितलं होतं.

मधल्या पिढीत एक देसाई निघाला, त्याला गाव घोड्याचा देसाई म्हणायचं. लाकडाच्या डेपोवरचे गोरे साहेब त्याच्याकडं पाहुणे आले होते. त्यांच्यासमोर त्याला पायी चालायची लाज वाटली. पांढऱ्या घोड्यावर बसून तो निघाला आणि अर्ध्या वाटेत ओरडला, "कुणब्याच्या धुरात किती पिढ्या चालायचं?" टाच मारली आणि दिवटीच्या पुढं निघून गेला. दुसऱ्या दिवशी घोडा एकटाच परत आला. गळ्यापर्यंत ओला. आणि फाल्गुनात नदीला तर गुडघाभरसुद्धा पाणी नव्हतं. देसाई कुणाला दिसला नाही, त्याचा अंगरखासुद्धा मिळाला नाही. त्यानंतर त्या घराला उतरती कळा लागली ती लागलीच.

शेवटचे देसाई वासूधनी. लग्न केलं नाही, दमेकरी, आवाज मऊ. पाणी आलं तेव्हा तेही गावाबरोबर वर आले आणि दोन खोल्यांचं कौलारू घर बांधून राहिले. त्या दोन खोल्यांपासून नव्या सिमेंटच्या देवळापर्यंत जायला एक बिडी ओढायला लागतो तेवढाच वेळ लागायचा. तरी त्या दिवशी ते आंघोळ करून, धोतर नेसून, डोक्याला तांबडा रुमाल बांधून उंबऱ्यात उभे राहायचे. कान्हू दिवटी पेटवायचा. देवळाच्या पायरीवर गुरव विचारायचा, "देसाई आले?" कान्हू म्हणायचा, "आले." मग नारळ फुटायचा.

वासूधनी रामनगरच्या दवाखान्यात वारले. पुतण्या गुरुदास फोंड्याला दुकान चालवायचा, तो बाराव्याला आला आणि घराला कुलूप लावून गेला. गावानं ठरवलं, आता हे चालणं बंद. पण शिमगा जवळ आला तसा कान्हू संध्याकाळी दिवटी घेऊन त्या कुलपासमोर जाऊन उभा राहिला. पेटवली, वळला आणि चालायला लागला. पोरं हसली. मग बायकांनी पोरांना आत ओढलं, कारण वाटेवर पसरलेली कुत्री उठून कडेला झाली होती. कान्हू पुढं गेला तरी ती परत वाटेवर आली नाहीत. काहीतरी संपूर्ण जाईपर्यंत ती तशीच उभी होती, माना हळूहळू फिरवत.

गुरवानं विचारलं, "देसाई आले?"

"आले," कान्हू म्हणाला.

पुढं कान्हूची एक बाजू लुळी पडली. तोंड वाकडं झालं, शब्द चिकटून यायला लागले. शिमगा आला तसा तो अंथरुणातून चंद्राला म्हणाला, "दिवटी घे."

"बा, मी बाईमाणूस. गाव काय म्हणंल?"

"दिवटीला बाई-बाप्या कळत न्हाई. ते वाट बघत आसतील. जा."

गाव बरंच काही बोललं, पण दुसरं कुणी पुढं झालं नाही. चंद्रा तिन्हीसांजेला वासूधन्यांच्या दाराशी गेली. चिंध्यांचा बोळा तेलानं भडभड पेटला. ती वळली, चालू लागली, आणि तिला वाटलं, बा म्हातारा झाला, त्याला भास होत असतील.

मग मागं खोकला आला.

दबलेला, मऊ, लोकांना त्रास नको म्हणून रुमालात धरलेला. लहानपणापासून ऐकलेला. चंद्रा वळली नाही, चालत राहिली. खोकल्यामागं चपलांचा आवाज होता, त्यामागं खडावांचा, त्यामागं काठीचा. आणि पार लांब, सगळ्यांच्या शेवटी, डांबरावर नालांचा आवाज. तो थांबत थांबत येत होता, मागं मागं राहत होता.

घरी येऊन तिनं विचारलं, "बा, कितीजण आसत्यात रे?"

"मोजू नको," कान्हू म्हणाला.

सवय कशाचीही होते. चंद्रालाही झाली. मग तिच्या ध्यानात दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे पावलं दर साली जास्त ओली वाजत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरवाची बायको यमुना पायरी धूत बसायची आणि कुरकुरायची, "ही काळी रेव कुठनं येती गं? आपल्या हितं तर सगळी तांबडी माती." चंद्रा त्या रेवेचा वास ओळखायची. धरणाचं पाणी ओसरतं तेव्हा उघड्या पडलेल्या गाळाला तो वास असतो. दुसरी गोष्ट, तिकाटण्यावर आलं की मागची पावलं थांबायची. सगळी एकदम. डावीकडं देवळाचा दिवा दिसत असायचा आणि उजवीकडं जुनी गाडीवाट अंधारात उतरत असायची. चंद्रा डावीकडं वळायची. जरा वेळानं पावलं तिच्यामागं यायची, पण ओढत, दमल्यासारखी. त्या वेळी तिला भीती वाटायची नाही. पाऊल आखडून ती त्यांच्यासाठी हळू चालायची.

गेल्या साली गुरुदास आला. त्याच्या लेकीचं, सुनयनाचं, लग्न ठरलं होतं आणि बायकोनं हट्ट धरला होता, की आधी देवीचा मान करून या. डोक्याचे केस गेलेला, पोट सुटलेला, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. चंद्राला बघून संकोचला. "अक्का, मला यातलं काही माहीत नाही. काय करायचं?"

"धनी, माज्या मागनं चालायचं. म्होरं जायचं न्हाई. बास."

संध्याकाळी दोघं निघाली. गुरुदास सुरुवातीला बोलत होता, बसला किती गर्दी होती, घाटात कसं धुकं होतं. मग त्याचं बोलणं बारीक झालं. मग थांबलं. चंद्राला त्याचा श्वास ऐकू यायला लागला.

"अक्का," तो म्हणाला, "मागं कोण आहे?"

"वळू नका."

"अक्का, कुणीतरी खोकतंय. काका खोकायचे तसं."

"तुमचीच माणसं हायत. चालत ऱ्हावा."

गुरुदासची पावलं भरभर पडायला लागली. त्याचा खांदा तिच्या खांद्याला घासला. दिवटीच्या उजेडात त्याच्या बुटाचं टोक तिच्या पायापुढं आलं, आणि त्याच क्षणी मागं पार लांब घोडा खिंकाळला. चंद्रानं मोकळा हात आडवा धरून त्याला छातीशी अडवलं.

"धनी! म्होरं न्हाई. काय बी झालं तरी म्होरं न्हाई!"

"मग सांग त्यांना परत जायला!" तो रडकुंडीला आला होता. "का येतात दर वर्षी? काय पाहिजे त्यांना?"

ती तिकाटण्यावर पोचली होती. मागं सगळं थांबलं. डावीकडं देवळात लोक जमले होते, ढोल वाजत होता. चंद्रा उभी राहिली. इतकी वर्षं ही माणसं गाळातून चढून वर येत होती, आणि परत जायची वाट त्यांना कुणी दाखवली नव्हती. दिवटी जिथं जाईल तिथं जायचं, एवढंच त्यांना ठाऊक. दिवटी देवळाच्या पायरीवर विझायची आणि ती तिथंच अंधारात राहायची. तिथून ती कशी जात असतील, कुठं भटकत असतील, देव जाणे.

ती उजवीकडं वळली.

किंजळीच्या झाडांत वाऱ्याचा मागमूस नव्हता. गाडीवाटेवर गवत कमरेइतकं वाढलेलं. गुरुदास तिच्या पदराचं टोक धरून चालत होता, लहान पोरासारखा. मागं पावलं येत होती, पण आता ओढत नव्हती. लगबगीनं येत होती. कुणीतरी बाईमाणूसही होतं त्यात, बांगड्या वाजत होत्या. एक लहान मूल मधूनच धावायचं. हे चंद्राला तोवर कधीच ऐकू आलं नव्हतं.

झाडी संपली आणि पाणी लागलं. पश्चिमेला थोडी तांबूस रेघ उरली होती. गाळ उघडा पडला होता आणि त्यातून जुन्या वाटेच्या दोन चाकोऱ्या सरळ पाण्यात गेल्या होत्या. दिवटीची वाट इथंच संपली, म्हणून चंद्रानं ती गाळात रोवली. गुरुदासला हाताला धरून कडेला घेतलं आणि मान खाली घातली.

"धनी, घर आलं," ती मोठ्यानं म्हणाली. हे ती गुरुदासला म्हणाली नव्हती.

पावलं तिच्या अंगावरून गेली. खडावा, काठी, बांगड्या. पाण्यात पाय पडल्याचे आवाज होत गेले, एकामागून एक, घाई न करता. ओल्या धोतराचा गार वारा तिच्या पोटरीला लागला. खोकला तिच्याजवळ येऊन जरा थांबला, मग पुढं गेला आणि पाण्यात बुडाला.

शेवटी घोडा उरला. तो झाडीच्या तोंडाशी उभा होता, पुढं येत नव्हता. त्याचं फुरफुरणं ऐकू येत होतं. चंद्राला कळलं, ह्याला अजून दिवटी ओलांडायचं भय आहे. तिनं दिवटी गाळातून उपटली, पाण्यात बुडवली. चर्र झालं आणि काळोख पडला.

"जावा धनी," ती म्हणाली. "आता म्होरं दिवटी न्हाई."

नाल दगडावर वाजले, मग गाळात, मग पाणी छातीवर फुटल्यासारखा मोठा आवाज झाला. लाटा बराच वेळ काठाला लागत राहिल्या.

परत येताना गुरुदासनं मोबाइलचा उजेड धरला होता. त्यानं मान खाली घातली नव्हती, सगळा वेळ तो बघत होता, हे चंद्राला कळलं होतं. काय बघितलं ते त्यानं सांगितलं नाही. तिकाटण्यावर आल्यावर एवढंच विचारलं, "अक्का, त्यांत मला शेवटी जागा असेल का गं?"

चंद्रानं त्याच्या हातातला उजेड देवळाच्या वाटेकडं वळवला. तिला ते ठाऊकच नव्हतं.

देवळात लोक ताटकळले होते. तिच्या हातातली विझलेली, ठिबकणारी दिवटी बघून ढोल थांबला. गुरवानं घसा साफ केला. "देसाई आले?"

"एकच आलेत," चंद्रा म्हणाली.

नारळ फुटला. लोकांनी प्रसाद घेतला.

घरी कान्हू जागा होता. तिच्या पायांना लागलेला काळा गाळ त्यानं बघितला आणि त्याला सगळं कळलं. "वासूधनी?"

"गेले, बा."

"खोकला?"

"पाण्यापातुर होता. मंग न्हाई."

कान्हू रडला. त्याच्या एकाच डोळ्यातून पाणी येत होतं, दुसरी बाजू लुळी होती. चंद्रानं ते पदरानं पुसलं. पावसाळ्यात तो गेला.

सुनयनाचं लग्न नीट पार पडलं. गुरुदास फोन करतो, तब्येत विचारतो, पण यायचं म्हणत नाही. यंदा शिमग्याला चंद्रा सवयीनं वासूधन्यांच्या दाराशी गेली, दिवटी पेटवली आणि चालली. मागं काही नव्हतं. कुत्री वाटेवरून हललीच नाहीत, तिलाच वळसा घालावा लागला. ती अर्ध्यातूनच घरी आली.

आता ती बाजाराला जाते, माल विकते, शेवटच्या बसनं परत येते. फाट्यावर उतरून गावापर्यंत चालावं लागतं. मागून कुणी चालत आलं तर ती टोपली उतरवून कडेला उभी राहते आणि म्हणते, "जावा, तुमी म्होरं जावा." माणसं पुढं निघून जातात. रस्ता मोकळा असला तरी कधीकधी ती तशीच उभी राहते. मग टोपली उचलते आणि चालू लागते.