सोबत कोण?

बाई कॅमेरा पाठीमागे धरून उभ्या राहायच्या, छडी लपवणाऱ्या मास्तरांसारख्या. समोर केस विंचरून, ताठ बसलेला माणूस गोंधळायचा. मग त्या विचारायच्या, "सोबत कोण?"

एकट्या माणसाचा फोटो त्या काढत नसत. ही सवय त्यांना आमच्याकडेच लागली. मुंबईच्या एका कला महाविद्यालयात त्यांनी तीसेक वर्षं फोटोग्राफी शिकवली होती, आणि त्यांचे फोटो परदेशातल्या संग्रहालयात आहेत, हे मला पुढे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून कळलं. निवृत्त झाल्यावर पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांमध्ये काम करायचं म्हणून त्या आल्या आणि महाडला आमच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहिल्या. चार महिने म्हणाल्या होत्या, पाच वर्षं राहिल्या.

पहिल्याच आठवड्यात त्या कापडे गावात एका म्हाताऱ्याचा फोटो काढायला गेल्या. तो उठून आतच गेला. आतून म्हणाला, "आत्ताच भितीवर लावताय काय मला?"

आमच्याकडच्या घरांत तुम्ही पाहिलं असेल, भिंतीवर एकट्याचा मोठा फोटो असतो तो गेलेल्या माणसाचा. बाई फोटो न काढता परत आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या, कॅमेरा पाठीमागे धरला आणि विचारलं, "बरं, सोबत कोण बसेल?" म्हाताऱ्याने थोडा विचार केला, मुंबईतल्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन छातीशी धरून बसला. त्या फोटोत मुलगा कारखान्याच्या टोपीत आहे आणि वैतागलेला आहे.

मग कुणी बैल आणला, कुणी फणसाच्या झाडाला टेकून बसलं. एका घरात दोन जावा होत्या, कित्येक वर्षं एकमेकींशी न बोललेल्या. घरात तिसरं माणूस नव्हतं. दोघींनाही फोटो हवा होता. शेवटी एकाच बाकावर बसल्या, मध्ये हातभर जागा सोडून. बाई फोटो मुंबईला पाठवण्याआधी गावातल्या शाळेच्या ओट्यावर लावायच्या, तेव्हा धाकटी जाऊ बराच वेळ तो बघत उभी होती. म्हणाली, "हिचं त्वांड माझ्यापरीस मोठं आलंय." थोरली मागून म्हणाली, "हायच मोठं." त्यांचं बोलणं तेव्हापासून सुरू झालं.

रविवारी बाई आमच्या अंगणात वर्ग घ्यायच्या. बिरवाडीत खोल्या घेऊन राहणारे कारखान्यातले कामगार यायचे, कॉलेजच्या मुली यायच्या. हातात फक्त मोबाइल. एकाने विचारलं, "मॅडम, मागचं सगळं धूसर कसं करायचं?"

"मागे काय आहे?"

"आमची खोली."

"मग पुसतोस कशाला? भाडं भरतोस ना तिचं?"

मी कारखान्यात स्टोअर सांभाळतो. माल मोजून घ्यायचा, मोजून द्यायचा. त्यामुळे एकदा मी सहज विचारलं, "बाई, एवढ्या वर्षांत मनासारखे फोटो किती निघाले?"

त्यांनी खरंच आठवून सांगितलं, "वीसेक असतील."

"म्हणजे वर्षाला एकसुद्धा नाही."

"हो ना. आणि मी शिकवत होते," त्या म्हणाल्या आणि चहाचा कप उचलून माडीवर गेल्या.

माझी अडचण आईची होती. आईचा एकही धड फोटो आमच्याकडे नव्हता. आधार कार्डावर होता, त्यात ती पकडून आणल्यासारखी दिसते. वडिलांचा भिंतीवरचा फोटो एका लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला. आजूबाजूची माणसं पुसून मागे निळा रंग भरलेला आहे. आईचं तसं होऊ नये, असं मला फार वाटायचं. तिची ऐंशी उलटली होती आणि त्या वर्षी दोनदा दवाखान्यात राहून आली होती. मी फोटोचं नाव काढलं की ती म्हणायची, "भित वाट बघते काय माझी?"

बाईंना सांगितलं. त्या खाली आल्या, कॅमेरा पाठीमागे. "आई, सोबत कोण?"

सून, नातवंडं, अंगणातली तुळस, सगळं सुचवून झालं. आईने सगळ्याला नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "तू बस गो बाय माझ्याजवळ. मग काढीन."

बाईंनी पाठीमागचा कॅमेरा पुढे घेतला. त्या स्वतः कधी फोटोत येत नसत. कुणी आग्रह केला तर "मी पलीकडची" म्हणून सुटायच्या. आता त्यांना त्यांच्याच प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. त्यांनी ट्रायपॉडवर कॅमेरा लावला, मला त्याच्यामागे उभं केलं आणि आईजवळ ओट्यावर जाऊन बसल्या.

"कधी दाबू?" मी विचारलं.

"ते मी सांगणार नाही."

मी थांबलो. दोघी अवघडून समोर बघत होत्या. मग आईचं लक्ष बाईंच्या डोक्याकडे गेलं. "क्यास बघ कशे झालेत. तेल नाय, काय नाय. कालेजात अशीच जायचीस?" असं म्हणत तिने हात वर केला आणि बाईंच्या कपाळावरची बट मागे सारली. बाईंनी डोळे मिटून मान जरा खाली केली, वेणी घालून घेणाऱ्या मुलीसारखी. मी बटण दाबलं.

बाईंनी उठून फोटो पाहिला. मला म्हणाल्या, "तुमचा एक झाला."

पुढच्या वर्षी बाई मुंबईला परतल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. मी तो फोटो घेऊन बाजारातल्या स्टुडिओत गेलो. तिथला माणूस म्हणाला, "बाजूच्या बाईंना काढून टाकतो, मागे निळा देतो. पण आजींचा हात कापावा लागेल. तो त्यांच्या केसांत आहे."

घरी चुलते म्हणाले, "जित्या मानसाच्या फोटूला हार घालतात काय? कापून टाक."

आईचा हात कापणं मला पटेना, आणि जिवंत बाईंना हार घालणंही. बाईंना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "आई कोणत्या बाजूला आहेत?"

"डावीकडे."

"मग हार डाव्या कोपऱ्याला अडकवा. मी बसते बाजूला. हात कापू नका."

तसंच केलं. आईच्या बाजूच्या खिळ्यावरून हार खाली सोडला, चौकटीच्या अर्ध्यावर. तेराव्याला बाई आल्या आणि त्या भिंतीखालीच जेवायला बसल्या. चुलत्यांचा घास थांबला.

"काका, मी एवढ्यात जात नाही," बाई म्हणाल्या.

"जाव नका. पन तितं हाराखाली तरी नका बसू," चुलते म्हणाले आणि स्वतः उठून त्यांचं पान आपल्या शेजारी मांडलं.

आईच्या प्रत्येक वर्षश्राद्धाला मी हार बदलतो. तो नेहमी डावीकडेच. नवीन माणूस घरी आला की विचारतो, हार असा एका बाजूला का? मग मी त्याला हे सगळं सांगतो, आणि त्या निमित्ताने आईबद्दल बोलणं होतं. वडिलांच्या निळ्या रंगापुढच्या फोटोबद्दल कुणी काही विचारत नाही.

गेल्या महिन्यात, मागची खोली धूसर करू पाहणाऱ्या बिरवाडीच्या त्या विद्यार्थ्याचा फोन आला. आता तो स्वतः शिकवतो. म्हणाला, "काका, मॅडम गेल्या. पेपरवाल्यांना फोटो हवाय आणि कुणाकडेच नाही." मी आमचा पाठवला. दुसऱ्या दिवशी छापून आला तो फक्त बाईंचा. मिटलेले डोळे, आणि कपाळावर एक सुरकुतलेला हात. हात कुणाचा, ते लिहिलेलं नव्हतं.

कात्रण मी पाकिटात ठेवलं आहे. त्या संध्याकाळी स्टूल घेऊन चढलो आणि हार उजव्या कोपऱ्याकडे ओढला. तो पुरेना. बायको खालून बघत होती. म्हणाली, "राहू दे. उद्या मोठा आणू."

दुसऱ्या दिवशी तिने मोठा हार आणला. आता तो दोन्ही टोकांना आहे.