कौल मी आणला होता

बायको गेली त्याला सहा वर्षं झाली. तिला हे कळलं नाही. जन्मभर एका चुलीवरचं जेवलो, पण तिला नाही सांगितलं. पोरांना नाही, गावकीत नाही. देवळात एकटा उभा असताना देवीलाही कधी तोंडानं बोललो नाही — तिला काय सांगायचं म्हणा, तिच्यासमोरच तर झालं. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझी शाळा चौथीत सुटली. लिहिताना हात जड होतो. पण हात जड होता म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो असं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराला टेकून. आम्ही दोघे भाऊ. थोरला मुंबईला गोदीत कामाला होता, तिथंच वारला. तेव्हा वहिनी तिशीतली, तिची मनीषा पाच वर्षांची. त्या दिवसापासून घरातला कर्ता मी — असं मी म्हणायचो. जमिनीचं काम असो की सोयरीक, माणूस ओटीवर चढला की माझ्या डोक्यावरून आत बघून विचारायचा, "वैनी हायत का?" मी समोर बसलेला असायचो. मी काय खांब होतो?

वहिनीला गळा होता. वाडीतल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं तिची. स्वतः जोडायची, नवरानवरीची नावं, आईबापाची नावं, आमचा ओढा, आमचा डोंगर, सगळं त्यात. भाऊ होता तोवर मांडवात उभी राहून म्हणायची. तो गेल्यावर पांढऱ्या कपाळाची बाई मांडवात पुढं कशी येणार? मग ती दाराआडून म्हणायला लागली. बाहेर भटजी, चौकटीच्या आत ती. तिचा आवाज आला की वाढपीसुद्धा हातातलं भांडं खाली ठेवायचे. असं कितीतरी वर्षं चाललं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तर नाहीच.

मग मनीषाचं लग्न ठरलं. ती बिरवाडीला खोली घेऊन राहायची, कारखान्यात लॅबमध्ये होती. मुलगा खेडकडचा. तिच्या कुणा मैत्रिणीचं लग्न एका बाईनं लावलेलं तिनं बघितलं होतं. शनिवारी घरी आली ती मनाशी पक्कं करूनच.

"काका, माझं लग्न आई लावणार."

मी हसलो. "आणि भटजी काय पत्रावळी उचलायला बोलवायचे?"

"बोलवूच नका. अंतरपाट तुम्ही धरा, लग्न आई लावेल. दाराआडून नाय हां. माझ्या समोर उभी राहून."

मी तोवर महाडच्या मोठ्या भटजींना सांगून आलो होतो. पोलादपूरच्या बाजारात चार माणसांच्या कानावर जाईल अशा आवाजात सांगितलं होतं. आता भटजींना नको कसं म्हणायचं — हे मी तेव्हा बोलून दाखवलं. ते खरं कारण नव्हतं.

वहिनी मात्र घाबरली होती. पाचव्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "भावजी, वाघजाईला कौल लावा. तिनं उजवा दिला तर उभी राहीन. डावा दिला तर पोरीला मी समजावते."

"तुमीच चला ना."

"माझ्यासाठी मीच कसं मागू? तुमी जावा. तुमच्यावर माझा भरवसा हाय."

भरवसा. हा शब्द मी आत्ता दोनदा लिहून खोडला.

कौल म्हणजे काय, तुमच्याकडं नसेल तर सांगतो. देवीच्या मूर्तीला दोन्ही खांद्यांवर चाफ्याची एकेक ओली पाकळी चिकटवायची. गुरव गाऱ्हाणं घालतो, आपलं मागणं देवीपुढं मांडतो. आधी उजवी पाकळी पडली तर देवीचा होकार. डावी पडली तर नकार. घर बांधायचं असो, विहीर खणायची असो, आमच्याकडं तिला विचारल्याशिवाय होत नाही. आणि तिनं सांगितलेलं कोणी मोडत नाही.

मी मजेत गेलो. खरं सांगतो, मजेत. विधवेनं लग्न लावायचं म्हटल्यावर देवी काय म्हणणार, मला ठाऊकच होतं. माझं तोंड वाईट न होता काम होणार होतं.

गुरव तेव्हा म्हातारा झालेला, डोळ्यांत मोतीबिंदू. पाकळ्या हातानं चाचपून लावायचा आणि कोणती पडली ते सोबतच्या माणसाला विचारायचा. त्या दिवशी देवळात आम्ही दोघंच. त्यानं डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं. पाकळी पडली. देवीच्या पायाशी, समईच्या उजेडात.

"कुठची रं?" गुरव म्हणाला.

उजवी पडली होती.

मी म्हटलं, "डावी."

"नीट बघ बाबा. पोरीच्या लग्नाचं हाय."

म्हणजे मला दुसऱ्यांदा संधी होती. होती ना? "बघितलं," मी म्हटलं. "डावी." आणि डावी अजून चिकटलेली होती, ती नखानं सोडवून खाली टाकली. उजवी उचलली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

कोणी म्हणेल, देवीची उजवी म्हणजे आपली डावी, तुझाच गोंधळ झाला असेल. नाही. कळायला लागल्यापासून कौल बघत आलो. गोंधळलो नाही.

मग का? रस्त्यानं उतरताना मी स्वतःला पुष्कळ सांगितलं — खेडची माणसं हसतील, मुंबईतलं आमच्या गावकऱ्यांचं मंडळ नावं ठेवील. खरं एवढंच होतं. ती मांडवात मधोमध उभी राहणार आणि मी कापडाचं एक टोक धरून बाजूला, हे मला सोसत नव्हतं. देवीनंही मला ओलांडून आत बघितलं होतं. वैनी हायत का?

घरी वहिनी तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "डावा दिला." ती "बरं" म्हणाली. सुपातला एक खडा काढला, पुन्हा "बरं" म्हणाली.

मनीषा मात्र माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "काका, तुमी सोता बघितलंत?"

मी तिच्यावर धावून गेलो. देवीला खोटी पाडतेस काय, शिकून हेच शिकलीस काय — आणखी बरंच. ते इथं लिहीत नाही. तेव्हा वहिनीच पोरीवर ओरडली, "गप गो! भावजी देवीच्या नावानं खोटं बोलायचे नायत!"

लग्न झालं. वऱ्हाड कशेडी घाटात उलटलेल्या ट्रकमागं अडकलं, मुहूर्त टळला. भटजींना पुढं दुसरं लग्न होतं, ते एका हातात फोन धरून भराभर म्हणत होते. शेवटी थांबून त्यांनी विचारलं, "घरच्या कुणाला मंगलाष्टक म्हणायचंय का?" सगळा मांडव दाराकडं बघायला लागला. मनीषासुद्धा, हार हातात धरून. मी मुठीत अक्षता घेऊन उभा. दाराआडून काही आलं नाही. ती तिथंच उभी होती, चौकटीखाली तिची पावलं मला दिसत होती. भटजी म्हणाले, "नाही? बरं, सावधान!" आणि ताशा वाजला.

त्यानंतर वहिनीनं कुणाच्याच लग्नात म्हटलं नाही. शिमग्याला पालखी दारात येते, तेव्हा ओटीचं ताट माझ्या सुनेच्या हातात देऊन ती मागच्या अंगणात जाऊन उभी राहते. एकदा सुनेनं कारण विचारलं. म्हणाली, "देवीला मी समोर नको हाय. उगा कशाला तिच्या डोळ्यांपुढं यायचं?" मी पालखीपुढं नारळ धरून उभा होतो. नारळ फोडला. प्रसाद वाटला.

गुरवाचं पुढं महाडला ऑपरेशन झालं. भेटला तेव्हा खुशीत होता. "आता माझी पाकळी मीच बघतो रं, तुमा कुणाला तरास नाय." पुढं तोही वारला. आता त्या दिवशी देवळात असलेला मी एकटाच उरलो.

हे आत्ताच का लिहितोय? माझ्या नातीचं लग्न ठरलंय. परवा जेवताना ती म्हणाली, "माझं लग्न मोठी आजी लावणार." वहिनी हसली. "माझं देवीनं कवाच सांगितलंय गो." नात म्हणाली, "मग परत विचारू!" तशी वहिनी तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "तिनं एकदा नाय म्हटलं ना? तिला परत परत कशाला नाय म्हणायला लावू?"

मी समोर बसलो होतो. तोंड उघडलं. आणि आमटी मागितली.

वहिनीनंच वाढली.

सांगीन, असं इथं लिहीत नाही. लिहिलं तर तेवढ्यानंच मला बरं वाटेल, आणि मग सांगायचं राहून जाईल. मी मला ओळखतो.

एक गोष्ट वर लिहायची टाळली. आता ती बाहेर ओटीवर वाल सोलत बसलीय, शेंगा मोडल्याचा आवाज इथं येतोय, म्हणून लिहून टाकतो. कौलाला वेळ लागतो. कधी कधी अर्धा-अर्धा तास पाकळी हलत नाही, गुरव घामाघूम होतो. त्या दिवशी गुरवाचं गाऱ्हाणं पुरं झालंच नव्हतं. त्यानं वहिनीचं नाव घेतलं, आणि पाकळी पडली.