आधी आमची झडती घ्या

पोलीस चौकीसमोर दुकान टाकलं की गिऱ्हाइकं कमी आणि किस्से जास्त मिळतात! घाटंजीच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर माझं सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि समोर चौकी. दारूबंदी नुकतीच लागू झालेली. मोहाची दारू शोधायला पोलीस येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून झडती घ्यायचे. झडतीला साक्षीदार म्हणून पंच लागतो. हाकेच्या अंतरावर मीच, म्हणून मी कायमचा पंच! पंक्चर अर्धं टाकून उठायचं. असे हे किस्से फुकट गोळा झाले. सगळेच हसण्यासारखे नाहीत, आधीच सांगून ठेवतो.

पहिला हुकूम, "थांब!" म्हणजे आहे तिथे, आहे तसं. एकदा तांड्यावरची एक बाई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चालली होती. चौकीचे जमादार ओरडले, "ए, थांब वं!" तेवढ्यात आतून चहाची हाक आली आणि ते गेले. चहा झाला, पान झालं, शिपायाशी गप्पा झाल्या. मी म्हटलं, "माय, सावलीत ये." ती हलेना. जमादार बाहेर येऊन बघतात तर बाई तशीच उन्हात, मान थरथरतेय.

"कायले उभी राह्यली वं?"

"तुमीच तं थांब म्हनलं, सायेब!"

"मंग मोळी तरी खाली ठेवाची!"

"थे कुठी सांगतलं?"

दुसरा हुकूम, "हात वर!" थंडीचे दिवस. घोंगडी पांघरलेला एक म्हातारा मजूर अडवला. त्यानं एक हात वर केला.

"दुसरा कुठी हाय बे?"

"दुसरा कापसाच्या जिनिंगमंधी राह्यला, सायेब. मशीननं घेतला."

जमादारांनी तरी घोंगडी उचलून पाहिलीच! सदऱ्याच्या बाहीला गाठ मारलेली होती. त्या दिवशी मला भाकर गोड लागली नाही.

तिसरा, "तोंड उघड!" म्हणजे वास घ्यायचा. आता पंचाईत अशी की जमादार स्वतःच रोज थोडी घेत, त्यामुळे दुसऱ्याच्या तोंडाचा वास त्यांना कळेना! एकदा मला म्हणाले, "मिस्त्री, तू हुंगून पाह्य."

मी म्हटलं, "सायेब, मी जल्मात घेतली नाही. मले काय समजते तिचा वास?"

त्यांनी माझ्या तोंडासमोर तोंड आणलं, मोठ्ठा श्वास सोडला आणि म्हणाले, "हा असा!"

आणि "गाठोडं सोड!" बाजाराच्या दिवशी रस्त्यावर ज्वारी, मीठ, मिरच्या सगळं उघडं पडायचं. सोड म्हणायचा हुकूम होता, बांध म्हणायचा नव्हता. बायाबापड्या मातीतून दाणे वेचत बसायच्या. त्यात हसण्यासारखं काही नाही, पण आठवतं.

घराच्या झडतीची रीत मात्र वेगळी. आत शिरण्याआधी पोलिसानं आणि पंचानं म्हणायचं, "आधी आमची झडती घ्या." म्हणजे आम्ही काही लपवून आणलेलं नाही, खात्री करून घ्या. जमादार हे दारात उभं राहून पोपटासारखं म्हणायचे. घरवाला हात जोडायचा, "नाही मायबाप!" पोलिसाच्या अंगाला हात लावायची कोणाची छाती? मग आत जायचे. आणि ज्यानं कधी थेंब घेतला नाही, त्याच्याही घरातून कधीकधी शिशी निघायची. त्या शिश्या बघून माझं मन विटून जायचं.

शेवटचा किस्सा डोमाजीचा. त्याच्या वस्तीनं नुकताच बौद्ध धम्म घेतला होता. गावची मेलेली ढोरं ओढणार नाही, असं पाटलाला तोंडावर सांगणारा पहिला तोच. त्याच्याकडे बघून बाकीच्यांनीही काम सोडलं. तो जेलात गेला असता तर वस्तीचा धीर खचला असता आणि सगळे पुन्हा ढोरांमागे गेले असते. सगळ्या गावाला हे कळत होतं, पाटलाला सगळ्यात जास्त.

एक दिवस जमादारांनी मला हाक मारली, "चाल मिस्त्री, डोमाच्या घरी दारू हाय म्हंते." वैशाखातलं ऊन, आणि जमादारांच्या अंगात जाड कोट!

डोमाजी दारात उभा. मागे बायको, पोरी. आजूबाजूला अख्खी वस्ती गोळा झालेली. जमादारांनी सवयीनं म्हटलं, "आधी आमची झडती घे." आणि उंबऱ्यावर पाय ठेवला.

डोमाजीनं धोतराला हात पुसले. "घेतो."

"काय घेतं बे?"

"झडती. तुमीच म्हनलं ना, सायेब." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मिस्त्री, तुमी आयकलं का नाही?"

जमादार माझ्याकडे बघू लागले. रोज समोरासमोर बसायचं होतं.

"आयकलं," मी म्हटलं.

डोमाजी पुढे झाला. "सायेब, हात वर."

आणि जमादारांचे हात खरोखर वर गेले! डोमाजीनं सदरा चाचपला. कोटाच्या उजव्या खिशातून विड्या आणि काडीपेटी काढली, मला दाखवली, परत ठेवली. मग डावा खिसा. बाहेरूनच चाचपला आणि त्याचा हात थांबला.

"हे काय कडक लागून राह्यलं, सायेब?"

जमादारांचा हात झपकन खाली आला आणि खिशावर बसला.

"झाली झडती," ते म्हणाले आणि पाठ फिरवून सायकलकडे निघाले.

डोमाजीनं दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली आणि मागून हाक दिली, "सायेब, आमची तं राह्यलीच!"