मारायचं तर खायचं

सबंध कोल्हापूर जिल्ह्यात माझ्या मामेसासऱ्यांइतकं चवीनं मटण खाणारा आणि त्यांच्याइतकं जनावरांची बाजू घेऊन भांडणारा दुसरा माणूस नसेल. या दोन गोष्टी एका अंगात कशा राहतात, हे मला लग्नानंतरची पहिली चार-पाच वर्षं कळलंच नाही. रविवारी सकाळी सातला पिशवी घेऊन मटणाच्या दुकानापुढच्या रांगेत पहिला नंबर त्यांचा. पण बकरं कापताना त्याच्याकडे पाठ करून उभं राहणं त्यांना मंजूर नसे. चपला काढून, डोक्यावरची टोपी हातात घेऊन, कुणाच्या तरी मयताला आल्यासारखे ते गप्प उभे राहत. मापात पाव किलो जास्त पडलं तर दुकानदार म्हणे, "असू द्या की मामा." मामा ते काढायला लावत. घरात माणसं किती आणि कोण किती खातं, हे ते रात्रीच ठरवून ठेवत. सोमवारी त्यांच्या घरी उरलेला रस्सा कुणी पाहिलेला नाही.

ते एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी प्रत्येक गोष्टीला ते एकाच पान्यानं आवळत, आणि तो पाना म्हणजे त्यांचा नियम: मारायचं तर खायचं, खायचं नसेल तर मारायचं न्हाय. एकदा पाहुण्यांतल्या एका लग्नात त्यांच्या शेजारी जेवायला बसलेल्या गृहस्थानं ताटात निम्मं मटण टाकलं आणि तो हात धुवायला उठू लागला. मामांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "पावणं, त्यानं जीव दिलाय. तुमी जरा पोट द्या." गृहस्थ नवरदेवाचा सख्खा मामा निघाला. त्यानं ताट पुसून खाल्लं, पण पुढे दोन वर्षं आमच्याकडच्या एकाही कार्याला तो आला नाही.

मेव्हण्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हाही असंच झालं. मुलीकडचं घराणं जुनं, मोठं. दिवाणखान्यात गव्याचं मुंडकं लावलेलं, शिंगं चांगली हातभर. यजमान कौतुकानं सांगत होते की आजोबांनी एका गोळीत पाडला. मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवून विचारलं, "लागला कसा खायला?" यजमान हसून म्हणाले की गवा कोण खातो, तो शिकारीचा होता. मामांनी आपली खुर्ची उचलली, गव्याच्या बरोबर समोर नेऊन ठेवली आणि तिथं बसून पोहे संपवले. निघताना मी कारण विचारलं तर म्हणाले, "त्याला कुणी खाल्लं न्हाय. निदान आपण खाताना त्यानं आपली पाठ तरी बघू नये." लग्न जमलं. मुलीला हा म्हातारा आवडला होता, असं ती नंतर म्हणाली.

डास मारायची ती विजेची बॅट त्यांनी घरात येऊ दिली नाही. हातानं मारलेला डास चालत असे, कारण तो आपल्याला खायला आला होता आणि आपण त्याला अडवलं, यात त्यांना काही गैर दिसत नव्हतं. पण तडतड आवाज ऐकत फटके मारायचे, हा खेळ झाला. गळ टाकून मासा पकडणारा आणि परत पाण्यात सोडणारा एक हौशी इसम त्यांना रंकाळ्यावर भेटला होता. आपण मासा मारत नाही, याचा त्याला अभिमान. मामा त्याला म्हणाले की बाबा, त्यापेक्षा खा, म्हणजे एकदाच दुखेल. अर्धा तास वाद चालला. शेवटी त्या माणसानं गळ गुंडाळला. पटलं म्हणून की कंटाळून, ते मामांनाही सांगता आलं नाही.

आणि या माणसाकडे बंदूक होती. वडिलांची एकनळी, शेतीच्या राखणीसाठी परवाना असलेली, वडिलांमागे यांच्या नावावर झालेली. दर अमावस्येला तिला तेल. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. मामीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन मामा तिला पोचवायला जात, तेव्हा लेक सासरी धाडणाऱ्या बापासारखं त्यांचं तोंड होई. मात्र ती बंदूक उडाल्याचं आमच्यापैकी कुणीच ऐकलं नव्हतं. पन्नास वर्षांत गोळी का झाडली नाही, असं कुणी विचारलं की ते तेलाची बाटली शोधायला लागत.

तीन वर्षांपूर्वी गगनबावड्याकडून त्यांच्या थोरल्या बहिणीचा, आक्कांचा, फोन आला. नवरा गेल्यापासून आक्का आणि त्यांची सून मिळून दोन तुकडे भात करतात. दसरा उलटला होता, भात पिवळं पडलं होतं आणि रानडुकरं रोज संध्याकाळी उतरत होती. खाण्यापेक्षा तुडवत जास्त. गावानं धावपळ करून डुक्कर मारायची सरकारी परवानगी आणली होती, पण परवान्याची बंदूक जवळपास कुणाकडे नव्हती. आक्का फोनवर एवढंच म्हणाल्या, "बंदूक घिऊन ये." मामांनी मला गाडी काढायला सांगितली. वाटेत ते मांडीवरच्या बंदुकीचं लुगडं सारखं सोडून पुन्हा गुंडाळत होते. मला वाटलं, नेम बसेल का, या काळजीत असतील.

आक्कांच्या घरापुढच्या सोप्यात जंगलखात्याचा गार्ड कागद घेऊन बसला होता. त्यानं अटी वाचून दाखवल्या. फक्त डुक्कर मारायचं, मारलं की कळवायचं, पंचनामा होईल. मामांनी विचारलं, "आणि खायचं?" गार्ड म्हणाला की खायचं नाही, खाल्लं तर गुन्हा, खड्डा काढून, वर मीठ टाकून पुरायचं. मामांनी तो कागद मागून घेतला आणि चष्मा लावून त्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचला. मग घडी घालून परत दिला आणि बांधाकडे चालू लागले.

बांधावर बसल्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते मामीलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. ते वीस वर्षांचे असतानाची गोष्ट. शिकारबंदीचा कायदा आला नव्हता. वडील पावसाळ्यात कधी ससा, कधी रानकोंबडा आणत आणि त्या दिवशी घरात खरं जेवण होई. एक दिवस ही बंदूक घेऊन हे ओढ्याकडे गेले. पाण्यावर भेकर आलं होतं, कुत्र्याएवढं लहान हरीण. मार असं कुणी म्हटलं नव्हतं. नेम बसतो का, एवढंच बघायचं होतं. बसला. खांद्यावर टाकून ऐटीत घरी आले, तर आई दारातच म्हणाली, श्रावण हाय. मामा ते विसरलेच होते. वडील रागावले नाहीत. तेच भेकर खांद्यावर घेऊन गावात घरोघर विचारून ये, म्हणाले. हे प्रत्येक दारात गेले. सगळीकडे श्रावण. शेवटी पिंजाऱ्यांच्या घरी गेले. तिथल्या म्हाताऱ्या चाचांनी भेकराच्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाले, हलाल केलेलं न्हाय बेटा, आमास्नी बी चालत न्हाय. संध्याकाळपर्यंत पाठ रक्तानं भिजली होती. मग बापलेकांनी माळावर खड्डा काढला. माती लोटून झाल्यावर वडिलांनी एकच विचारलं, "भूक नव्हती तर मारलंस कशाला?"

"त्याचं उत्तर मला आजवर घावलेलं न्हाय, जावईबापू," मामा म्हणाले. "पुरायसाठी मी एकदा मारलंय."

ऊन कलल्यावर डुकरं उतरली. पुढे मादी आणि मागे सहा पिल्लं, अंगावर पट्टे असलेली. मामांनी बंदूक खांद्याला लावली. हात अजिबात हलत नव्हता. या वयातही नेम चुकला नसता, हे मला दिसत होतं. मागे आक्का पदर खोचून उभ्या होत्या. मामांनी बंदूक खाली घेतली, गोळी काढून खिशात टाकली आणि हाताची टाळी वाजवली. डुकरं भातातून आडवी पळाली. जाताना भाताचा आणखी एक पट्टा लोळवून गेली.

आक्का ओरडल्या नाहीत. जवळ येऊन म्हणाल्या, "पोटासाठी मारावं, म्हणतोस न्हवं तू? मग हे भात काय हाय? का फकस्त मटण खाणारंच पोट मोजतोस?"

जन्मभर प्रत्येकाला उत्तर देणारे मामा वाकून लोळलेल्या लोंब्या एकेक करून उभ्या करायला लागले. त्या रात्री मी बंदूक घेऊन एकटाच कोल्हापूरला परतलो. मामा तिथंच राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भाताच्या कडेला राखणीचा माळा बांधला आणि कापणी होईपर्यंत रोज त्यावर बसून पत्र्याचा डबा बडवला. तरी तिसरा हिस्सा गेलाच. आक्का त्यांच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. सुनेच्या हाती भाकरी मात्र वेळेवर येत होती, आणि आठव्या दिवशी आक्का स्वतः घेऊन आल्या. मी आणायला गेलो तेव्हा ओरडून ओरडून मामांचा घसा बसला होता, तळहातांना फोड आले होते. गाडीत बसता बसता घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माझं चुकलं न्हाय. पर आक्काचं माझ्यापरास जरा जास्त बरोबर हाय." मामांनी कुणाचं आपल्यापेक्षा जास्त बरोबर आहे असं म्हटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पुढल्या वर्षी त्यांनी स्वतःच शेजारच्या तालुक्यातला एक परवानेवाला शोधून आक्कांकडे पाठवला. त्यानं दोन डुकरं मारली. त्या दिवशी मामा कुणाला न सांगता पहिल्या एसटीनं तिकडे गेले होते. तिथं काय केलं, हे मामीनं विचारलं तर म्हणाले, "खड्ड्यापाशी बसलो जरा."

आता आक्कांच्या नातवानं शेताभोवती तार ओढून विजेचं झटका मशीन बसवलं आहे. तारेला अंग लागलं की जनावर दचकून मागे सरतं, मरत नाही. भात पुरतं हाती येतं. राखणीला कुणी लागत नाही. तरीही दसरा झाला की मामा मला विचारतात, गाडी मोकळी हाय का. यंदाही गेलो. दोघं म्हातारी बहीणभाऊ बांधावर घोंगडं टाकून बसली होती, मी थोडा बाजूला. समोर भात वाऱ्यानं एका अंगाला झुकत होतं. कुठंच काही मोडलेलं नव्हतं. आक्का समाधानानं म्हणाल्या की यंदा एकबी डुक्कर फिरकलं न्हाय.

मामा पलीकडच्या झाडीकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "मग आता ती खात्यात काय, आक्का?"

"ते मला इचारू नगंस," आक्का म्हणाल्या. त्यांनी घोंगड्याचं टोक ओढून भावाच्या गुडघ्यांवर घातलं, आणि मग त्याही तिकडंच बघत बसल्या.