राक्षस तलावात, धनराज खानावळीत

दर रविवारी आमच्या मुर्री गावात माझ्या छपरीत आम्ही चौघं खेळायला बसतो. उठताना खेळ होता तिथंच असतो, किस्सा मात्र एक वाढलेला असतो. भाच्यानं पुण्याला जाताना हा खेळाचा डबा माझ्याकडे टाकला. आतलं इंग्रजी पुस्तक मी, चौथी शिकलेली बाई, डिक्शनरी घेऊन एकटीनं वाचून काढलं. जे नियम पटले नाहीत ते बदलले. माझे जास्त चांगले आहेत.

गोष्ट मी सांगते. बाकीचे तिघं त्यातली माणसं होतात, काय करायचं ते बोलतात आणि फासा टाकतात. एवढंच. पण एवढंही होत नाही.

यंदाची गोष्ट साधी. राक्षसानं गावाचा तलाव अडवलाय, त्याला मारायचं. तेही लवकर, कारण आमच्यातली सरिता नर्स आहे आणि तिची अर्जुनी मोरगावला बदली झालीय. ती गेली की बसणं संपलं.

*

प्रकाश शाळेत मास्तर, खेळात मांत्रिक. त्याला बजावलं, तयारी करून ये. आला. आपल्या त्या मांत्रिकाच्या सगळ्या पिढ्यांचा इतिहास लिहून आणला आणि वाचला. दोनदा चहा झाला.

"बरं, आता राक्षसावर कोणता मंत्र टाकतोस?"

"ते पाहा लागंल, काकू."

*

धनराजचा कोहमाऱ्याला ढाबा. मी गोष्टीत फक्त म्हटलं, "वाटेत खानावळ दिसते." हा शिरलाच. डाळीला फोडणी कशाची देता, तंदूरला लाकूड कोणतं, आचारी कुठला. दुपारभर मी खानावळवाला होऊन उत्तरं दिली. शेवटी खानावळीला आग लावली.

"काऊन जाळली, काकू?"

"तुले बाहेर काढाले."

*

दुसऱ्याची पाळी असली की प्रकाश मोबाईल पाहतो. स्वतःची आली की विचारतो, "काय झालं?"

एकदा सांगितलं, "तू मेलास."

"कधी?"

"व्हिडिओ पाहून राहिला होतास तेव्हा."

मास्तर रुसला. वर्गात पोरं मोबाईल पाहतात तेव्हा काय करतोस, विचारलं. म्हणे, "जप्त करतो."

सरितानं त्याला जिवंत केलं. तिचं सगळं आधीच ठरलेलं असतं. पाळी आली की एक वाक्य, एक फासा, संपलं.

*

सरिताचा शेवटचा रविवार. मी आधीच सांगितलं, "आज पाळी आली की मी दहा मोजीन. तेवढ्यात बोललात तर बोललात, नाही तर पाळी गेली."

आणि बघा, ज्यांच्यावर वर्षभर ओरडले ते दोघं पाठ करून आलेले. प्रकाशनं मंत्र टाकला, धनराजनं भाला मारला. अंगणात ऊन होतं तोवर राक्षस गुडघ्यावर आला. एक घाव बाकी. पाळी सरिताची.

ती फासा मुठीत धरून बसली. बोलेचना.

मी मोजायला लागले. पाच. सहा.

"सरिता, सामान बांधाचं राहिलं असंल ना तुह्यं?" धनराज म्हणाला.

"राहू दे, भाऊ."

"सात," मी म्हटलं. "आठ."

फासा मुठीतच.

"आठ," मी परत म्हटलं.