बाबालालचाचांचं पिंप

कुरुंदवाडात अशी बोलवा आहे की नर्सरीवाले बाबालालचाचा करणी करतात. पिंपात रोपं बुडवतात, वर दगड ठेवतात आणि नावं घेऊन शिव्या देतात. यातली करणी सोडली तर बाकी सगळं खरं आहे.

पिंप दोनशे लिटरचं, नदीच्या गढूळ पाण्यानं भरलेलं. नवं रोप आलं की चाचा ते कुंडीसकट आठ दिवस त्यात बुडवतात, कारण आमच्याकडं पुराचं पाणी परसात तेवढं तर थांबतंच. जगलं तर विकायचं, कुजलं तर उकिरड्यात. आणि शिव्या रोपाला नसतात, गिऱ्हाइकाला असतात.

"पावणं, कोल्हापुरातनं प्रदर्शनातलं झाड आणलासा व्हय? लई ग्वाड दिसतंय. पवाय येतंय का त्याला?"

माझ्या आत्तीचं, शालूबाईचं परसू नदीकडच्या उतारावर. दोन पुरांत काठ ढासळत न्हाणीच्या भिंतीपासून चार हातांवर आला. आणखी एक पूर आला की भिंत जाणार. आणि तिच्या मुलाला, राजवर्धनदादाला, तिथं हिरवळ आणि पाम हवे होते. मे महिन्यात तो चाचांना बोलावून मोबाइलवर फोटो दाखवायला लागला. "चाचा, लूक आला पाहिजे."

"लूक," चाचा म्हणाले. "न्हाणीची भिंत पडल्यावर येतंयच की. समद्या गावाला दिसंल तुझा लूक."

दादा तापला. "मग तुमची ती वाळुंज लावू? वड्याकाठचं झाड हाय ते. बंगल्यात कोण लावतंय?"

"वड्याचा काठ ऱ्हायलाय न्हवं? तुझा ऱ्हायलाय?"

आवाज एवढे चढले की आत्ती चुलीवरचा चहा तसाच सोडून बाहेर आली. तेव्हा कुठं चाचांचा खरा राग कुणावर आहे ते कळलं. पूर्वी त्या काठावर निर्गुंडीचं दाट कुंपण होतं. मामांना, म्हणजे आत्तीच्या नवऱ्याला, ते जंगली वाटायचं. ते मुळासकट खणून तिथं हिरवळ घालणारे चाचाच. पुढच्याच पावसाळ्यात हिरवळ चटईसारखी गुंडाळून गेली आणि मागनं माती गेली.

"नको म्हणायला तोंड हुतं की मला," चाचा म्हणाले. "म्हटलं न्हाय. आता म्हणतोय तर ह्यो मला फोटू दाखवतोय."

आत्तीनं निकाल दिला. "दोघांचं बी पिंपात घाला. जगंल ते लावायचं. आणि तवर गप ऱ्हावा, शेजारी ऐकायल्यात."

हिरवळीचा तुकडा, पामचं रोप, आणि चाचांची वाळुंज, करंज, निर्गुंडी, सगळी आठ दिवस बुडाली. काढली तेव्हा हिरवळीला मेलेल्या घुशीचा वास येत होता. पामचा कोंब दादानं धरला तर उपटून हातात आला. पण चाचांच्या रोपांनाही पान उरलं नव्हतं. तीन काळ्या काड्या. दादानं लगेच हिरवळवाल्याच्या टेम्पोला फोन लावला. दादाचं म्हणणं, सगळंच मरणार तर निदान दिसायला चांगलं तरी मरू दे.

मला हसू आलं. "चाचा, ह्या अगरबत्त्या हायत. लावा पैज. फुटल्या तर काठावरचे सगळे खड्डे मी एकटी काढीन."

"आणि न्हाय फुटल्या तर?"

"वर्षभर गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं."

चाचांचा चेहरा पडला. वर्ष फार होतं. मग त्यांनी वाळुंजीची साल नखानं खरवडली. आत हिरवं. "पंधरा दिस दे," ते म्हणाले. आत्तीनं दादाच्या हातातला फोन घेतला आणि टेम्पोवाल्याला स्वतःच सांगितलं, येऊ नको.

बाराव्या दिवशी वाळुंजीला कोंब आला, मग करंजाला. निर्गुंडी फुटली ती थेट पंधराव्या दिवशी.

काठभर तीच झाडं लावायची, म्हणजे खड्डे बावीस. माती चिकण, कुदळ आत गेली की सोडत नाही. पाचव्या खड्ड्याला माझ्या हाताला फोड आले. चाचा काठी घेऊन मागं उभे.

"दीड फूट सांगिटलंतं," ते म्हणाले. "हे सव्वा हाय. परत काढ."